लस कुठे आहे

८ जून २०२५, रविवार. धुळे

झुलालभाऊ आज घरी आले होते. एरंडोलकडचे सर्पमित्र. मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात साप ओळखण्यावर त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं, तेव्हापासूनची ओळख. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. काहीतरी मनात घेऊन आलेत हे तेव्हाच कळलं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या ओळखीतल्या एका माणसाला घोणस चावली. जीपमध्ये घालून एका दवाखान्यात नेलं, तिथे सर्पदंशाची लस संपलेली. दुसरीकडे नेलं, तिथेही नाही. तिसरीकडे मिळाली. माणूस वाचला, पण किडन्या गेल्या.

"मॅडम, लस होती," भाऊ म्हणाले. "अर्ध्या तासावर होती. आम्ही उलट्या दिशेनं गेलो." मग त्यांच्या अहिराणी बोलीत, जणू स्वतःशीच, "कोठे शे, इतलंच कोनीतरी सांगाले जोयजे." कुठे आहे, एवढंच कोणीतरी सांगायला हवं.

मी डेटाबेस शिकवते. भाऊंनी मागितलं ते कागदावर सोपं आहे: धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या दवाखान्यांची नावं, कोणाकडे किती कुप्या, आणि माणूस उभा आहे तिथून जवळचा कोणता. असा प्रोग्राम मी माझ्या लॅपटॉपवर आठवड्यात लिहीन. पण लॅपटॉप मिटला की प्रोग्राम मिटला. तो कायम जागा असेल अशा ठिकाणी कसा ठेवायचा, हे मी कधी केलेलं नाही. शिकवते तेसुद्धा पुस्तकातूनच.

संध्याकाळी प्रशीलला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, जळगावच्या मेहरूणचा, पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणाला, "मॅडम, क्लस्टरवर टाका. मी सांगतो तसं करत चला." त्याच्या आवाजात इतका उत्साह होता की मलाच बरं वाटलं.

नागपंचमीच्या आत चालू करायचं असं भाऊंना सांगून बसले आहे. मला जे कळणार नाही ते इथे लिहायचं ठरवलंय. वही लवकर भरणार असं दिसतं.

११ जून

जळगावच्या एका डॉक्टरांच्या ट्रस्टने भाड्याची तीन यंत्रं, म्हणजे कायम चालू राहणारे संगणक, दिली. ती मुंबईत कुठेतरी आहेत. मी इथे धुळ्यात, देवपुरातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून काळ्या पडद्यावर कमांड टाइप करते आणि ती ऐकतात. यात नवल वाटण्याचं माझं वय नाही, पण वाटलं.

समजलं ते असं. माझा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं. तो डबा म्हणजे कंटेनर. तीन यंत्रं मिळून क्लस्टर. आणि त्यांच्यावर कुबरनेटिस नावाचा मुकादम. मुकादमाला 'हे कर, ते कर' असं सांगायचं नाही. 'माझे दोन डबे कायम चालू असले पाहिजेत' एवढं लिहून द्यायचं. कुठल्या यंत्रावर ठेवायचे, बंद पडला तर काय, हे त्याचं तो बघतो.

मी एक डबा पुसून टाकला, बघू तरी म्हणून. लगेच विचारलं किती चालू आहेत. दोन! नवा उभासुद्धा राहिला होता. परत पुसला. परत दोन. दुपारभर हेच केलं.

यजमान प्रेमराज दुकानातून जेवायला आले. मोटारी रिवाइंडिंग करून हात काळे. "काय करी ऱ्हायनी?" म्हणाले. मी दाखवलं.

"मारला की उठतो?"

"लगेच."

"मग बिघडतं कधी?" त्यांनी हात धुता धुता विचारलं.

 बिघडतच नसेल तर लोक याला एवढे घाबरतात का?

१५ जून, रविवार

सकाळच्या एस.टी.ने जळगाव. प्रशील सध्या घरूनच काम करतोय. त्याची आई मंदाबाई निवृत्त परिचारिका. खेड्यापाड्यांतल्या केंद्रांत नोकरी झाली, त्यामुळे अर्ध्या जिल्ह्यातल्या सिस्टर त्यांना फोनवर आवाजाने ओळखतात. दवाखान्यांना फोन करून साठा विचारायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. "घरात बसून कंटाळा येतो. आणि आता हाही घरीच आहे, दोघांचं बरं चाललंय," म्हणाल्या, आणि प्रशीलच्या ताटात न विचारता आणखी एक कळण्याची भाकरी वाढली.

तो त्याच्या कॉलेजच्या वेळच्या जुन्या लॅपटॉपवर बसला होता. मी विचारलं, कंपनीचा कुठे गेला?

"जमा... म्हणजे दुरुस्तीला दिलाय."

एवढ्या मोठ्या कंपनीला दुसरा देता येत नाही का?

२० जून

दोन दिवस एकच रडगाणं. प्रोग्रामचा डबा चालू होतो, पडतो, चालू होतो, पडतो. मुकादम बिचारा पुन्हा पुन्हा उभा करतोय. प्रशील फोनवर म्हणाला, "मॅडम, उपाय शोधू नका. आधी तो पडताना काय म्हणाला ते वाचा." म्हणजे लॉग. प्रत्येक डबा बंद पडण्याआधी काहीतरी लिहून जातो.

वाचलं. 'डेटाबेस सापडत नाही.' डेटाबेसचा डबा तर शेजारीच धडधाकट चालू! मग तासभर मी दोन्हीकडची नावं अक्षर अक्षर लावून बघितली. एका ठिकाणी मी 'सर्प' एका स्पेलिंगने लिहिला होता, दुसरीकडे दुसऱ्या. मुलांचे पेपर तपासताना अशा चुकीला मी एक मार्क कापते.

दुरुस्त केलं, आणि ब्राउझरमध्ये माझं पान उघडलं. रिकामं, पण उघडलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारची भर दुपार, आणि प्रशील दोन तास फोनवर होता. हल्लीच्या कंपन्या केवढी मोकळीक देतात!

२७ जून



मंदाबाईंनी दोन आठवडे फोन करून सगळ्या केंद्रांची माहिती मिळवली होती. मी ती फोनवरून ऐकून थेट डेटाबेसमध्ये भरत गेले. आज शेवटचं केंद्र भरलं. नकाशावर दोन्ही जिल्हे ठिपक्यांनी भरलेले बघून इतका आनंद झाला, की मनात आलं, आता डेटाबेसचा डबा पुसला तर तोही असाच आपोआप उठेल ना? बघू.

पुसला. उठला. पान उघडलं.

एकही ठिपका नाही.

आधी वाटलं इंटरनेट गेलं. मग वाटलं थोडा वेळ लागत असेल. मग आत जाऊन विचारलं, किती दवाखाने? उत्तर आलं, शून्य. डबा नवा होता, कोरा. जुन्यात जे होतं ते जुन्याबरोबर गेलं.

प्रशीलला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझी चूक आहे, मॅडम. कायमची डिस्क वेगळी मागून डब्याला जोडावी लागते, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." त्याने सांगितलं असतं तरी मी पुसलाच असता, हे मला माहीत आहे.

"आईला मी सांगतो," तो म्हणाला.

"नको. मी सांगते."

मंदाबाईंनी ऐकून घेतलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बरं," म्हणाल्या. "परत फोन करू. कोणाकोणाच्या मुलांची लग्नं विचारायची राहिलीच होती."

प्रेमराजना सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, 'मग बिघडतं कधी विचारलं होतं ना.' पण त्यांनी शेवभाजी बांधून आणली.

६ जुलै, रविवार

डिस्क वेगळी मागितली, जोडली. डबा गेला तरी डिस्क राहते, नवा डबा तीच डिस्क उचलतो. मग हे मुळातच तसं का नाही? प्रशील म्हणतो, बहुतेक डब्यांना काही लक्षात ठेवायची गरज नसते, त्यांना हलकं ठेवलेलंच बरं. ज्याला गरज आहे त्याचं आपण ठरवून सांगायचं. पटलं.

पण आजची खरी गोष्ट दुसरीच. मंदाबाईंची दुसरी फेरी अर्ध्यावर आलीय. एका केंद्रात पहिल्या फेरीला 'कुप्या आहेत' म्हणाले होते. या वेळी सिस्टर म्हणाल्या, आहेत, पण गेल्या महिन्याअखेर त्यांची मुदत संपली. दुसऱ्या एका ठिकाणी साठा मधल्या काळात वापरून संपला. तिसरीकडे आधी नव्हत्या, आता आल्यात.

म्हणजे माझा डेटाबेस पुसला गेला नसता, तर पानावर आज लस नसलेल्या दवाखान्याचा हिरवा ठिपका दिसला असता. कोणीतरी जीप घेऊन तिकडे गेलं असतं.

मी इतकी वर्षं मुलांना सांगते, माहिती सुरक्षित ठेवा. माहिती शिळी होते, हे एकदाही सांगितलेलं नाही. आता प्रत्येक ठिपक्याखाली 'कधी कळवलं' तेही दिसेल. तीन दिवसांहून जुनं असेल तर हिरवा रंग जाईल आणि 'आधी फोन करा' असं येईल. सिस्टरने रोज सकाळी फक्त आकडा मेसेज करायचा, बाकी प्रोग्राम बघेल.

झुलालभाऊ पानाची चाचणी घ्यायला पद्मालयाच्या रानात गेले होते. फोन आला. "मॅडम, बठ्ठा दवाखाना दखाडस, पन जवळना कोनता शे ते सांगस नही!" रेंज कमी; सगळ्या दवाखान्यांची यादी दिसते, पण जवळचा कोणता ते सांगणारा नकाशा उघडतच नाही. नकाशा दुय्यम केला. आता आधी फक्त तीन ओळी येतात: नाव, अंतर, फोन.

१३ जुलै, रविवार. जळगावहून परतताना

मनाला थोडं लागलंय.

सकाळी आम्ही चाचणी घेतली. प्रशीलने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "पाडा, मॅडम." डेटाबेसचा डबा पुसायची कमांड मी टाइप केली आणि बोट एंटरवर तसंच राहिलं. मंदाबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तिसऱ्यांदा फोन करणार नाही हं." सगळे हसलो, त्यात दाबलं.

डबा गेला. नवा आला. पान उघडलं. सगळे ठिपके जागच्या जागी! प्रशीलने मग एक अख्खं यंत्रच बंद केलं. या वेळी जरा वेळ लागला, पान अडकलं, माझा श्वासही. मग मुकादमाने डबा दुसऱ्या यंत्रावर उचलून नेला आणि पान परत आलं.

इथवर सगळं छान. जेवताना मी म्हटलं, "प्रशील, ऑगस्टमध्ये कॉलेजात ये. 'पुण्यात नोकरी कशी मिळवावी आणि टिकवावी', तासभर बोल. मुलांना तुझ्यासारखं उदाहरण डोळ्यांसमोर पाहिजे."

तो पाणी पीत होता. ग्लास ठेवला. "बघू, मॅडम." मग "तळ्यावर जाऊन येतो" म्हणून उठला, आणि मी निघेपर्यंत आला नाही.

त्याला कंपनीच्या कामाचा ताण असेल, मान्य. पण शिक्षकाने एक तास मागितला तर? मोठी झाली की मुलं बदलतात. मंदाबाई मला स्टँडवर सोडायला रिक्षात आल्या.  उतरताना हात धरून म्हणाल्या, "मॅडम, त्याला हे काम देत राहा." देतेच आहे की.

२१ जुलै

मी किती आंधळी असू शकते.

पानावर शेवटी काम करणाऱ्यांची नावं टाकायची होती. मी लिहिलं: झुलालभाऊ, सर्पमित्र. मंदाबाई, निवृत्त परिचारिका. प्रशील, वरिष्ठ अभियंता, पुढे कंपनीचं नाव. आज बघते तर प्रशीलच्या नावापुढचं सगळं काढलेलं. कोणी काय बदललं याची नोंद राहते. त्यानेच काढलं होतं. मला वाटलं, कंपनीची परवानगी लागत असेल. फोन केला.

"परवानगीचं नाही, मॅडम," तो म्हणाला. "मार्चमध्येच काढलं मला. आमची सगळी टीमच गेली. आईला सांगितलेलं नाही."

जमा केलेला लॅपटॉप. शुक्रवारची भर दुपार. आणि मी त्याला काय विषय दिला होता!

"व्याख्यानाचं..." मी सुरुवात केली.

"तुम्हाला कुठे माहीत होतं," तो म्हणाला. "खरं सांगू? मे महिन्यात मी लॅपटॉप उघडायचोसुद्धा नाही. तुमचा फोन आला आणि परत उघडला."

आईला सांग, एवढंच मी म्हटलं. त्याचं काम, मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं.

संध्याकाळी मंदाबाईंचाच फोन. "सांगितलं त्याने. आजच," म्हणाल्या. आवाज मोकळा होता. "मॅडम, मी आयुष्यभर लोकांची तोंडं बघून ताप ओळखला. मला एप्रिलपासून माहीत होतं. पण त्याला लपवायचं होतं, तर मी कशाला उघडं पाडू? फक्त दोन वेळा नीट जेवतो की नाही, ते बघत होते."

रिक्षातून उतरताना त्या काय म्हणाल्या होत्या, ते आज कळलं.

२७ जुलै, रविवार

पान आजपासून सगळ्यांसाठी खुलं. कसलं उद्घाटन नाही. झुलालभाऊंनी त्यांच्या सर्पमित्रांच्या गटात पत्ता टाकला, मंदाबाईंनी सिस्टरांच्या गटात. मी काळ्या पडद्यावर लॉग उघडून बसले. एक ओळ आली. मग दुसरी. पारोळ्याहून कोणीतरी, शिरपूरहून कोणीतरी. कोण असतील? चावलंय की नुसतं बघतायत? ओळीवरून कळत नाही. दिवसभर मी त्या ओळींमागची माणसं कल्पत राहिले.

प्रेमराजनी दुकानाच्या शटरवर पत्ता चिकटवला. "मोटार दुरुस्तीला शेतातलेच लोक येतात," म्हणाले.

३ ऑगस्ट, रविवार

घरी कानबाई, आमच्या खानदेशातला देवीचा सण. सासरची सगळी मंडळी जमलेली, नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळून हात भरलेले, मोबाइल कुठे ठेवला त्याचा पत्ता नाही. दुपारी पुतणी धावत घेऊन आली. झुलालभाऊ.

"मॅडम, घोणस. पद्मालयाकडच्या एका मळ्यात. कुंदाबाई नावाची बाई शे, गवत कापत होती, हाताला." मागे गाडीचा आवाज. "आम्ही जळगावलेच पळनार होतो. पानानं दुसरं नाव दिलं. छोटं ग्रामीण रुग्णालय, आडबाजूचं, आम्हाले सुचलंच नसतं. आज सकाळनाच आकडा शे. फोन केला, ते म्हणे या, काढून ठेवतो." आणि फोन कट.

पिठाच्या हातानेच लॅपटॉप उघडला. लॉगमध्ये ती ओळ होती. एकच ओळ, इतर ओळींसारखीच. पण तिच्या थोडं वर मुकादमाची एक नोंद दिसली: पहाटे आमचं एक यंत्र आपोआप बंद पडलं होतं, आणि डेटाबेसचा डबा त्याने दुसऱ्यावर हलवला होता. मला कळलंसुद्धा नाही. मी नोंद पुन्हा वाचली. पहाटे यंत्र पडलं, तरी दुपारी त्या बाईसाठी पान उघडलं.

कानबाईपुढे सगळे गात होते. मी त्यात जाऊन बसले, पण कान फोनकडे. आरतीनंतर भाऊंचा मेसेज आला: लस सुरू केली. शुद्धीवर शे.

४ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजात रजा टाकली. प्रशील जळगावहून आला, मी धुळ्याहून. रुग्णालय खरंच छोटं. दारात निंबाचं झाड, आत सहा खाटा.

कुंदाबाईंचा हात कोपरापर्यंत सुजलेला, पण त्या उशीला टेकून बसल्या होत्या. वय माझ्याएवढंच असेल. नवरा चुडामण शेजारी स्टुलावर. झुलालभाऊंनी आमची ओळख करून दिली, या मॅडमनी ते फोनवरचं बनवलं. मला संकोच वाटला. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तो साप काय झाया?"

भाऊ म्हणाले, सापडला नाही, गवतात गेला.

"मोठा होता का व?" मी विचारलं.

त्यांनी चांगल्या हाताने अंतर दाखवलं. मग स्वतःच जरा कमी केलं. "मी घाबरेल होतू, तेव्हा मोठा दिसना," म्हणाल्या. आणि हसल्या.

तेवढ्यात सिस्टर आल्या. रूपा सिस्टर; रोज सकाळी ज्यांचा आकडा येतो त्या ह्या, हे नावावरून कळलं. रक्त गोठतंय का ते पाहिलं, डॉक्टरांना सांगितलं, धोका टळत आलाय म्हणाल्या. मग खिशातून मोबाइल काढला. "थांबा हं, कालच्या गडबडीत एक काम राहिलंय. ह्यांना होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या लागल्या." आणि एक आकडा टाइप केला.

प्रशीलने त्याचा फोन माझ्यासमोर धरला. पानावर या रुग्णालयाचा हिरवा ठिपका विझला. नावापुढे शून्य आलं. खाली, 'आत्ता कळवलं'.

चुडामण उठून आमच्या मागे आले होते. "म्हणजे आता कोणाला चावलं तर इथे आणायचं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "नवीन साठा येईपर्यंत नाही."

"मग कुठे?"

प्रशीलने खालची ओळ दाखवली. चुडामणनी ते नाव ओठांत पुटपुटत दोनदा वाचलं, खिशातून मोबाइल काढला आणि लगबगीने बाहेर गेले. त्यांच्या मळ्यात आजही गवत कापायला माणसं लागली होती. निंबाखाली उभे राहून ते कोणालातरी मोठमोठ्याने सांगत होते, आतपर्यंत ऐकू येत होतं: "आठे नका येज्यात. आठली लस सरी गयी. मी नाव सांगस, ध्यानमा ठेवा..."